उजेड डावीकडून

लातूरच्या त्या क्लासमध्ये घागर बोटांनी मोजून काढायची पद्धत होती. रुंदी चार बोटं, उंची साडेपाच, गळा दीड बोट. समोरची घागर मोठी असो की लहान, जवळ असो की लांब, कागदावर ती चार बोटं रुंदच उतरायची. मग उजव्या पोटाला गडद छटा, डाव्या खांद्यावर खोडरबरानं एक पांढरा ठिपका, खाली उजवीकडं सावलीची चपटी शेपटी. झाली घागर. आपली पोरं झोपेतसुद्धा घागर काढतील, असं बसलिंगप्पा सर अभिमानानं सांगायचे. त्यात खोटं काहीच नव्हतं, कारण जागेपणी त्या घागरीकडं बघायची गरज कुणालाच पडत नव्हती.

सरांचा हिशोब सरळ होता. लातूरनं डॉक्टर घडवले, इंजिनिअर घडवले, मग चित्रकार का घडवू नयेत? जे विचारतात ते पाठ करायचं आणि पुन्हा पुन्हा काढायचं. कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र येतं ना? मग घागर, कांदा, वीट आणि मागं चुण्या पडलेलं कापड पाठ करा. स्मरणचित्र येतं? छत्रीवाला, टोपलीवाली, फुगेवाला आणि एक पाठमोरा म्हातारा पाठ करा. बाजार विचारला तरी हेच चौघं, बसस्टँड विचारलं तरी हेच चौघं. लग्न विचारलं तर फुगेवाल्याच्या गळ्यात ताशा अडकवायचा. आणि सगळ्यात वर, फळ्याच्या माथ्यावर तैलरंगात लिहिलेला नियम: उजेड डावीकडून. वर्गाची खिडकी डावीकडं होती, तेवढा एकच आधार त्या नियमाला होता.

ज्योत्स्ना सोनकांबळे या सगळ्यात हुशार होती. तिचे वडील धम्मानंद मुखेड डेपोत कंडक्टर. पोरीनं डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी तिला लातूरला ठेवलं, तिनं दोनदा 'नीट'ची परीक्षा दिली, दोनदा आपटली. तिसऱ्यांदा मात्र तिनं सांगून टाकलं, की आता चित्रकला शिकणार, मोठ्या सरकारी कला महाविद्यालयात जाणार. विहाराच्या भिंतीवरची पिंपळपानं तिनंच रंगवली होती, गल्ली तिच्या हाताचं कौतुक करायची, पण हे ऐकून धम्मानंद दोन दिवस धुमसत राहिले. मग म्हणाले, "एक साल देतो. एकच. झालं तर झालं, न्हाई तर गुमान नर्सिंगचा फॉर्म भरायचा. मग तोंड वाकडं करायचं न्हाई." ते एक साल घेऊन ज्योत्स्ना बसलिंगप्पा सरांच्या क्लासमध्ये आली होती, आणि सर सांगतील ते ती डोळे मिटून करत होती.

परीक्षेला दोन महिने राहिले तेव्हा सरांनी एक मंगल कार्यालय भाड्यानं घेतलं आणि सराव परीक्षा ठेवली. मधोमध स्टुलावर घागर, बाजूला दोन कांदे, समोर ओळीनं पोरं. कार्यालयाची मोठी दारं उजव्या हाताला होती, सताड उघडी. ज्योत्स्नानं चार बोटं मोजली, गळा काढला, छटा द्यायला पेन्सिल टेकवली आणि सहज वर बघितलं. घागरीची उजवी बाजू लखलखत होती. डावी बाजू काळीकुट्ट होती. तिचा हात थांबला. पण थांबला तो जरासाच. मग तो आपल्या सवयीनं उजवीकडं गेला आणि लखलखणारी बाजू काळी करत सुटला. डोळ्यांना एक दिसत होतं, हात दुसरंच करत होता, आणि ती मुकाट्यानं बघत बसली होती. आजूबाजूला सगळ्या वर्गाच्या पेन्सिली तशाच घासत होत्या.

तिचा पहिला नंबर आला, आणि पहिल्या आलेलीचा चौकात फ्लेक्स लावणार, असं सरांनी जाहीर केलं. वर्गात टाळ्या झाल्यावर ती उभी राहिली.

"सर, हॉलमध्ये उजेड उजवीकडून येत होता. आपण सगळ्यांनीच उलटं काढलं."

"मग?"

"मग ते चुकलं ना सर?"

सर हसले. "अगं, पहिली आलीस न्हवं? पहिल्या आलेल्यानं शंका काढायच्या न्हाईत. पेपर तपासणारा काय हॉलमध्ये येऊन बघून राहिला का, उजेड कुठून हाय ते?"

"पण सर, समोर दिसतंय ते..."

"आन् तुला कशाला एवढी फिकीर? तुमची सीट तर ठरलेलीच हाय. फिकीर ह्या बाकीच्या लेकरांनी करायची."

वर्ग हसला. फार मोठ्यानं नाही, पण हसला. ज्योत्स्नाच्या कानशिलाला आग लागली. सुचलं काहीच नाही. ती नुसती खाली बसली, आणि आपण गप्प बसलो याचा राग तिला सरांवरच्या रागाहून जास्त आला. तिची रूममेट ऋतुजा, औशाकडच्या बागायतदाराची पोरगी, तेवढी हसली नव्हती. ती मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढत होती, आणि आधीच टोक असलेल्या पेन्सिलीला किती टोक काढायचं यालाही मर्यादा असते.

रूमवर जाताना ऋतुजा म्हणाली, "सरांनी तसं बोलाय नको होतं. पण सोड गं. तोंड वाईट हाय त्यांचं, मनानं चांगले हायत."

"मन कुणी बघितलंय?" ज्योत्स्ना फणकारली. "मला तोंडच ऐकू येतं."

संध्याकाळी तिनं वडिलांना फोन लावून पहिल्या नंबरचं आणि सरांच्या सीटवरच्या टोमण्याचं सांगितलं. धम्मानंद शांत आवाजात म्हणाले, "हे बघ बाळा, सीट हा आपला हक्क हाय. कुणाच्या घरचं खात न्हाई आपण. त्याच्यावरून कुणी बोललं तर मान खाली घालायची न्हाई." मग जरा थांबून, आवाजातला आनंद काही लपेना म्हणून, "पण पहिली आलीस म्हणतीस? खरंच फ्लेक्स लावणार हायत का?" घागर उलटी आहे, हे तिला सांगायचं होतं. पण त्यांचा ऊर इतका भरून आला होता, की ती नुसतं हो म्हणाली.

फ्लेक्स लागला. चौकात, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर. डावीकडं सरांचा हात जोडलेला फोटो, मध्ये तिचं नाव, उजवीकडं तिची घागर. धम्मानंदांनी तो फोटो मुखेडमध्ये ओळखीच्या प्रत्येकाला पाठवला आणि स्वतःच्या स्टेटसला ठेवला. ज्योत्स्ना मात्र फ्लेक्ससमोर गेली आणि जागीच उभी राहिली. तिची सही उलटी दिसत होती. कांदे इकडचे तिकडे गेले होते. फ्लेक्सवाल्यानं चित्र आरशातल्यासारखं पलटवून छापलं होतं, आणि त्यामुळं घागरीवरचा उजेड उजवीकडून येत होता. अगदी त्या दिवशी हॉलमध्ये येत होता तसा.

ती तडक फ्लेक्सच्या दुकानात गेली. व्यंकट नावाचा पोरगा कॉम्प्युटरवर बसला होता.

"सरांचा फोटो डावीकडं टाकला," तो म्हणाला, "तर घागर त्यांच्याकडं पाठ करून बसल्यावाणी दिसायली. म्हणून पलटवली. काय चुकलं का ताई?"

काय सांगणार त्याला? ज्याला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यानं माऊसचं एक बटण दाबलं आणि तिनं सबंध सालात न केलेली गोष्ट होऊन गेली. निदान त्यानं बघितलं तरी होतं. ती सरांकडं गेली, म्हणाली, सर, चित्र उलटं छापलंय. सरांनी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं, "चांगलं दिसायलंय ना?" दिसतंय, ती म्हणाली. "मग झालं तर. कोण बघतंय इतकं?"

कोण बघतंय. त्या दोन शब्दांनी तिचं डोकं फिरलं. चित्र शिकवणारा माणूस म्हणतो, कोण बघतंय! रूमवर येऊन तिनं जेवणाचा डबा खिडकीत ठेवला आणि काढायला बसली. तिच्याच घरचा स्टीलचा डबा, मुखेडहून रोज सकाळच्या एसटीनं येणारा, कडेला वडिलांच्या नावाची अक्षरं ठोकलेली. समोर दिसतंय तेवढंच काढायचं, बस. पण हातानं चार बोटं मोजली. हातानं उजवीकडं काळं केलं. तिनं कागद फाडला, दुसरा घेतला. पुन्हा डाव्या खांद्यावर पांढरा ठिपका, आणि डब्याला तर खांदासुद्धा नव्हता. तिसऱ्या कागदावर तिनं पेन्सिल इतकी दाबली की मोडली. आपला हात कुणीतरी आपल्या डोळ्यांदेखत पळवून नेला आणि आपण त्याबद्दल टाळ्या घेतल्या, हे कळून तिला रडू आलं. रडता रडताच तिनं मोडलेली पेन्सिल उचलली आणि रागाच्या भरात डाव्या हातात धरली.

डाव्या हाताला काहीच पाठ नव्हतं. त्याला रेघ सरळ ओढता येत नव्हती, म्हणून प्रत्येक रेघेला वर बघावं लागत होतं. झाकणाची कड कुठं वळते? बघ. सावली कुठं संपते? पुन्हा बघ. तासाभरानं कागदावर जे उतरलं ते पहिलीतल्या पोरानं काढल्यासारखं वेडंवाकडं होतं. पण उजेड होता तिथं उजेड होता.

दुसऱ्या दिवसापासून ती डबा घ्यायला बसस्टँडवर लवकर जायला लागली. लातूरला शिकणाऱ्या पोरांचे डबे असेच येतात. उदगीरची, निलंग्याची, मुखेडची गाडी लागली की पोरं दाराशी गर्दी करतात आणि कंडक्टर पिशव्या खाली देतो. ज्योत्स्ना बाकड्यावर बसून फलाटावर ठेवलेले डबे काढायची, डाव्या हातानं. ऊन कधी समोरून यायचं, कधी गाडी आडवी आली की नाहीसंच व्हायचं. पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून, डब्याची उंची रुंदीशी ताडून बघायला ती तिथंच शिकली. मोबाइलवर कुणीतरी दाखवलं होतं. हे तर पहिल्या दिवशी शिकवायचं असतं, हे कळल्यावर ती पुन्हा सरांवर उखडली. हळूहळू तिनं पेन्सिल उजव्या हातात घेतली. हात खोड्या करायचा, चार बोटांवर जायचा. तो गेला की ती पेन्सिल डाव्या हातात द्यायची, आडमुठ्या पोराला कोपऱ्यात उभं करतात तसं त्याला मांडीवर बसवून ठेवायची. परीक्षेला महिना राहिला तेव्हा कुठं तो ऐकायला लागला.

क्लासची फी भरून झाली होती, म्हणून ती तिथंही जायची. त्याच सुमारास एके दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि खिडकीतून धड उजेडच येत नव्हता. तिनं घागर तशीच काढली, मऊ, सगळीकडून सारखी राखाडी. सरांनी कागद उचलला.

"ठिपका कुठाय?"

"आज नव्हता सर."

सरांनी सगळ्यांना दिसेल असा कागद वर धरला आणि टर्रकन फाडला. "पहिली आली न्हाई तोच शहाणी झाली! परीक्षेत असं काढलं तर कपाळाला हात लावून बसशील."

या वेळी मात्र तिला सुचलं. "फाडा सर," ती म्हणाली. "घागर तिथंच हाय. ती काय फाटत न्हाई."

या वेळी वर्ग हसला नाही. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिला उठवलं आणि फळ्याखाली, वर्गाकडं तोंड करून बसवलं. आता रोज तिथंच बसायचं, सगळ्यांना दिसू दे, म्हणाले. ती बसली. अपमानानं तिला समोरचं काही दिसेना. आणि मग, थोड्या वेळानं, सगळंच दिसायला लागलं. तिथून खिडकी तिच्या उजव्या हाताला येत होती. तिथून घागरीची दुसरी बाजू दिसत होती, आणि त्या बाजूला हाताच्या तळव्याएवढा पोचा होता. वर्षभर ती घागर काढली, तिला पोचा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. घागरीमागं खाली घातलेल्या माना, त्यांच्यापुढं एकसारख्या घागरी, आणि खिडकीशी खुर्चीत सर, पाय स्टुलावर, घागरीकडं पाठ, नाक मोबाइलमध्ये. ज्योत्स्नानं कागद घेतला. त्या जागेवर बसून तिनं महिनाभर तेच चित्र काढलं, पुन्हा पुन्हा, आणि सरांना एकदाही तिच्याकडं बघायची इच्छा झाली नाही.

परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. धम्मानंद रजा टाकून तिच्यासोबत आले आणि विष्णुपुरीकडच्या त्या कॉलेजच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसून राहिले. आत मधोमध मांडणी आणि भोवती गोल करून पोरं. मांडणीत घागर नव्हतीच. प्लॅस्टिकची बादली होती, तिच्या काठावरून लोंबणारा टॉवेल आणि शेजारी अर्धा कापलेला भोपळा. ज्योत्स्नानं हात लांब करून पेन्सिल धरली, एक डोळा मिटला आणि बघायला लागली.

बाहेर आल्यावर ऋतुजा भिंतीला टेकून रडत होती. "मी ठिपका कुठं द्यायचा तेच शोधत बसले," ती म्हणाली. "बादलीला खांदा कुठं असतो गं?" ज्योत्स्नानं तिला जवळ घेतलं. त्या दिवशी टोक काढत बसलेली ऋतुजा ती विसरली नव्हती, पण राग आता तिच्यावर नव्हता. ऋतुजाचा हातही चोरीला गेला होता, आणि तिला ते फार उशिरा कळलं होतं.

निकाल लागला. ऋतुजाचं नाव कुठंच नव्हतं. ज्योत्स्नाला पाहिजे ते कॉलेज मिळालं, आणि खुल्या यादीतच मिळालं. धम्मानंदांनी डेपोत पेढे वाटले. त्याच दुपारी सरांचा फोन आला. आवाज नुसता साखरेत घोळलेला.

"बाळा, नाव काढलंस क्लासचं! एक फोटो पाठव आन् एक भारी चित्र पाठव. ह्या वेळी सगळ्यात मोठा फ्लेक्स. खुल्या यादीतून लागली हे ठळक टाकतो. आपल्या क्लासमध्ये भेदभाव चालत न्हाई, हे लोकांना कळाय पाहिजे न्हवं?"

ज्योत्स्नानं फोन कानापासून लांब धरला. शिव्यांची लाखोली वाहावी असं तिला वाटलं. पण ती म्हणाली, "पाठवते सर. फक्त चित्र एकदा नीट बघून घ्या."

तिनं पाठवलं. ते उघडून बघायला लागावा तेवढाही वेळ गेला नाही, तोच उत्तर आलं: झकास. पाठोपाठ व्यंकटचा मेसेज आला. सरांनी चित्र त्याच्याकडं ढकललं होतं. "ताई, हेच छापायचं? नक्की?" तिनं लिहिलं, हेच. त्यानं विचारलं, "पलटवू का?" तिनं लिहिलं, नको, जसं हाय तसंच राहू दे.

फ्लेक्स लागला त्या दिवशी ती ट्रंक न्यायला लातूरला आली होती, धम्मानंद सोबत होते. चौकात रिक्षावाले, चहावाले, नव्या बॅचला नाव घालायला आलेले आईबाप, सगळे माना वर करून उभे होते. दुमजली घराएवढा फ्लेक्स. त्यावर खाली घातलेल्या माना, एकसारख्या घागरी, मध्ये पोचा पडलेली खरी घागर, उजवीकडून खिडकीचा स्वच्छ उजेड, आणि त्या उजेडात खुर्चीवर रेललेले बसलिंगप्पा सर. पाय वर, पाठ घागरीकडं, नाक मोबाइलमध्ये. भुवईवरचा चामखीळसुद्धा सुटला नव्हता. खाली सोनेरी अक्षरांत: आमचे मार्गदर्शन, तिचे यश. एक बाई नवऱ्याला विचारत होती, "हेच सर शिकवतेत का हो?" आणि नवरा हसू दाबत होता. धम्मानंदांनी आधी लेकीचं नाव वाचलं, मग चित्र बघितलं, मग बराच वेळ बघतच राहिले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"हे काय काढलंस गं?" सर ओरडत होते. "सगळा चौक बघून राहिला!"

"बरं झालं सर," ज्योत्स्ना म्हणाली. "कुणीतरी बघून राहिलं."

आणि तिनं फोन कट केला.